नोकिया ५८०० एक्सप्रेसम्युझिक (२०१० चा धागा) : घ्यावा का? वापरणाऱ्यांनी खरं खरं लिहा

तिरपागडा

ह्या फोनबद्दल व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) इतक्या जणांनी विचारलंय की प्रत्येकाला तेच तेच टाइप करत बसण्यापेक्षा एकदाच इथे सगळं ओतून टाकतो. मागच्या वर्षी बाजारात आला तेव्हा वीस हजाराच्या वर होता, आता चौदा-पंधराच्या आसपास मिळतोय म्हणे, त्यामुळे सगळ्यांचे हात शिवशिवायला लागलेत. वाचा आणि मग ठरवा, मी काही दुकानदार नाही, कुणी घेतला काय न घेतला काय मला शष्प फरक पडत नाही.

आधी चांगलं. स्क्रीन ३.२ इंची, ३६० बाय ६४०. आकडा नुसता वाचून काही कळत नाही पण आयफोनची स्क्रीन ह्याच्याहून मोठी असून ३२० बाय ४८०च आहे, दोन्ही शेजारी ठेवून एखादं पान उघडा, अक्षरं ह्याच्यावरच जास्त रेखीव दिसतील. आडवा धरला की रुंद पडद्याचा व्हिडिओ कडेपर्यंत भरतो. ८ जीबीचं कार्ड डब्यातच येतं. हेडफोनचं भोक साधं ३.५ मिमीचं, म्हणजे घरातला कुठलाही हेडफोन लावा, तो कंपनीचा चपटा कनेक्टर शोधत फिरायला नको. दोन स्पीकर आहेत आणि आवाज एवढा की सोसायटीच्या गच्चीवर वेगळी सोय लागत नाही. वायफाय आहे, जीपीएस आहे, ३.२ मेगापिक्सेलचा कार्ल झाइसच्या भिंगाचा कॅमेरा आणि त्याला दोन एलईडीचा फ्लॅश, व्हिडिओ ६४० बाय ४८० मधे. वळवला की स्क्रीन वळते, वाजत असताना पालथा घातला की गप्प बसतो (हे सेन्सरच्या सेटिंगमधे जाऊन चालू करावं लागतं, बऱ्याच जणांना माहीतच नसतं).

आता वाईट. एका वाक्यात सांगायचं तर ह्याचा टच वरून चढवलेला आहे. आत सिंबियन ही नोकियाच्या फोनांची जुनी सिस्टीम, एस६० ची पाचवी आवृत्ती, आणि ती म्हणजे नोकियाच्याच एन७३ नी ई६३ वाल्यांनी बटणं दाबत वापरली त्या तिसऱ्या आवृत्तीचाच अवतार, तेच खाली डावीकडे ऑप्शन्स, उजवीकडे एक्झिट, तेच फोल्डरात फोल्डर. जुन्या वाड्याला रस्त्याच्या बाजूने काचेचं शोरूम काढतात तसा प्रकार, पुढून चकाचक आणि आत गेलं की तोच अंधारा जिना. सगळ्यात वैताग म्हणजे एक टॅप की दोन टॅप ह्याचा काही नेम नाही. मेन मेनूत आयकॉनवर एकदा बोट ठेवलं की उघडतो, पण सेटिंगच्या यादीत गेलात की पहिल्या टॅपला नुसती ओळ रंगते आणि दुसऱ्या टॅपला उघडते. नवीन माणसाला वाटतं फोन अडकला, मग तो चिडून तीन-चारदा दाबतो आणि तिसऱ्याच ठिकाणी जाऊन पोचतो. कारण सरळ आहे, बटणांच्या फोनमधे आधी त्या ओळीवर जायचं आणि मग मधलं बटण दाबायचं असं असायचं, ते ‘आधी जाणं’ ह्यांनी तसंच ठेवलं आणि बटण तेवढं काढून टाकलं.

बाकीचं प्रश्न येतील तसं लिहीन.

चकलीताई

वा, बरं झालं धागा काढलात. मी गेले दोन महिने ह्याच फोनभोवती घिरट्या घालतेय. माझा वापर सांगते, फोन, एसएमएस, गाणी, थोडंफार मेल आणि मुख्य म्हणजे लोकलमधे बसून (बसून कसलं, उभं राहून) इथलं वाचायचं. आत्ताच्या फोनवर मराठी साइट उघडली की नुसते चौकोन चौकोन दिसतात. ह्याच्यावर देवनागरी दिसतं का हो? तेवढं दिसत असेल तर टॅप एक आहे का दोन ह्याच्याशी मला देणंघेणं नाही.

बंडोपंत_कट्टेकर

तिरपागडा, वाडा आणि शोरूम आवडलं. पण तुम्ही मूळ मुद्दाच सोडलात, स्क्रीन रेझिस्टिव्ह आहे ते सांगा की लोकांना. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ह्यात वर एक मऊ प्लॅस्टिकचा थर असतो आणि खाली काच, दोन्हीच्या आतल्या अंगाला वीज वाहणारा पातळ लेप आणि मधे बारीकशी फट. दाबलं की वरचा थर खालच्याला टेकतो आणि कुठे टेकला ते व्होल्टेजवरून कळतं. म्हणजे ह्याला बोट आहे का पेन्सिल आहे का आगपेटीची काडी ह्याच्याशी कर्तव्य नाही, दाब पाहिजे. आयफोनची कॅपॅसिटिव्ह, तिथे दाब नको, पण बोटाची कातडीच लागते.

ह्यातून पुढच्या सगळ्या गोष्टी आपोआप निघतात. बोट अलगद फिरवून चालत नाही, नखाने नाहीतर थोडं जोर देऊन दाबावं लागतं. एका वेळी एकच जागा कळते, त्यामुळे दोन बोटांनी फोटो ताणून मोठा करणं विसरा. वरचा थर प्लॅस्टिकचा म्हणून ओरखडे लवकर पडतात, ओरखडे नकोत म्हणून स्क्रीनगार्ड लावावं तर दाबायला अजून जोर लागतो. आणि थरावर थर असल्यामुळे दुपारच्या उन्हात स्क्रीन फिकी दिसते. मी सहा महिन्यांपूर्वी दुकानात हातात घेऊन बघितला आणि परत ठेवला.

तिरपागडा

@बंडोपंत, सगळं कबूल पण दुसरी बाजू पण लिहा की. पावसात बसस्टॉपवर ओल्या हाताने फोन लावून बघा, कॅपॅसिटिव्हवर पाण्याचा थेंब पडला की ती स्क्रीन बावचळते, हा मुकाट्याने चालतो. थंडीत हातमोजे घालून बाइकवर असाल तरी चालतो. आणि ह्या फोनच्या मागच्या झाकणात कोपऱ्यात एक छोटा स्टायलस, म्हणजे स्क्रीनवर दाबायची काडी, खोचलेला असतो, शिवाय डब्यात गिटार वाजवायच्या पिकच्या आकाराचा एक तुकडा येतो दोरीला अडकवायला. लोक त्याला हसतात, पण ब्राउझरमधे एकाखाली एक बारीक लिंका असतात तिथे बोटापेक्षा तोच बरा पडतो. आयफोनवर बोटाखाली तीन लिंका येतात आणि मग पान मोठं करा, मग दाबा.

आमच्या मातोश्री तर नखानेच सगळं करतात, त्यांना हा फोन माझ्यापेक्षा चांगला जमतो.

@चकलीताई, देवनागरीसाठी ऑपेरा मिनी हा ब्राउझर टाका. त्यात एक छुपी सोय आहे, संध्याकाळी सविस्तर लिहितो, आत्ता ऑफिसात आहे.

रानभूल

इकडे न्यू जर्सीतून लिहितोय. माझ्याकडे पहिला आयफोन आहे, २००७ चा, अजून तोच वापरतो त्यामुळे तुलना करायला मी बरा गिऱ्हाईक आहे. जूनच्या शेवटी आला तेव्हा ८ जीबीचा ५९९ डॉलरला होता, सप्टेंबरात एकदम ३९९ केला. मी सप्टेंबरात घेतला म्हणून सुटलो, ज्यांनी रांगेत उभं राहून घेतला होता त्यांनी एवढी बोंब मारली की त्यांना १०० डॉलरचं क्रेडिट द्यावं लागलं.

लोक आता विसरलेत पण त्या फोनमधे काय काय नव्हतं ते ऐका. थ्रीजी नाही. व्हिडिओ काढता येत नाही. कॅमेरा २ मेगापिक्सेल, फ्लॅश नाही, फोकस आपणहून होत नाही. एमएमएस नाही. हेडफोनचं भोक इतकं खोलात की बाहेरचे बरेच हेडफोन बसतच नाहीत, वर एक अ‍ॅडॉप्टर घ्या. सुरुवातीचं वर्षभर बाहेरची अ‍ॅप्स टाकायची सोयच नव्हती, अ‍ॅप स्टोअर आलं जुलै २००८ मधे. आणि कॉपी-पेस्ट! साधं कॉपी-पेस्ट मिळायला २००९ चा जून उजाडला. हे सगळं नोकियाच्या पाच वर्षं जुन्या फोनमधे असायचं. कागदावर दोन्हीचे गुण मांडले तर ५८०० सरळ सरळ जिंकतो.

पण एकदा का यादी बोटाने सर्रकन सोडली आणि ती आपसूक हळू हळू थांबली की मग दुसरं काही हातात धरवत नाही राव. मागे पुण्याला आलो होतो तेव्हा भावाच्या ५८०० वर नंबर शोधत होतो, यादी खाली सरकवायला उजवीकडची ती बारीकशी पट्टी धरून ओढायची, बोट जरा हललं की थेट ‘स’ वरून ‘क’ वर. मी त्याला म्हटलं तूच शोध बाबा.

स्क्रू_ढिला

@रानभूल, तुमच्या भावाला नवीन फर्मवेअर (फोनचं आतलं मूळ सॉफ्टवेअर) टाकायला सांगा. ४० नंबरची आवृत्ती आलीये, त्यात ते बोटाने सोडून द्यायचं स्क्रोलिंग बऱ्याच ठिकाणी आलंय. सगळीकडे नाही, पण नंबरांच्या यादीत आता पट्टी पकडायला लागत नाही. आवृत्ती कुठली आहे ते बघायला स्टार हॅश चार वेळा शून्य आणि परत हॅश दाबायचं.

एक अडचण आहे, अपडेट सगळ्या देशांत एकदम येत नाही. प्रत्येक फोनला एक प्रॉडक्ट कोड असतो आणि त्यावरून कुठल्या भागाचा फोन ते ठरतं, आपल्याकडचे कोड नेहमी मागच्या बाकावर. नेटवर लोक नेमेसिस नावाच्या सॉफ्टवेअरने कोड बदलून युरोपचं फर्मवेअर टाकतात. चालतं, पण वॉरंटीचं काय ते तुमचं तुम्ही बघा, आणि अपडेट चालू असताना लाइट गेले तर फोनची वीट होते, म्हणजे तो चालूच होत नाही. आमच्याकडे गुरुवारी लोडशेडिंग असतं त्यामुळे मी तरी यूपीएसशिवाय हात लावत नाही.

शून्यमनस्क

मला एक कळत नाही, २०१० मधे कुणी सिंबियन का घ्यावा? अँड्रॉइड येतोय. जरा थांबा.

तिरपागडा

थांबा म्हणणारे दर धाग्यावर असतातच :) अँड्रॉइड आला की. एअरटेलने मागच्या वर्षीच एचटीसी मॅजिक आणला, किंमत बघितलीत का, ह्याच्या दुप्पट. त्यातल्या त्यात स्वस्त म्हणून एचटीसी टॅटू बघायला जाल तर त्याची स्क्रीन पण रेझिस्टिव्ह आणि वर २.८ इंची २४० बाय ३२०. शिवाय अँड्रॉइडमधे अजून अ‍ॅप्स कार्डावर टाकता येत नाहीत, फोनच्या आतल्या जागेतच कोंबायची. पुढे चांगला होईल ह्यात शंका नाही पण पुढचं पुढे, पंधरा हजार आज खिशात आहेत.

आता चकलीताईंचं उत्तर. फोनच्या ब्राउझरवरून ऑपेरा मिनी डाउनलोड करा. उघडल्यावर पत्त्याच्या जागी आधीपासून एचटीटीपी, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू वगैरे काही असेल तर ते सगळं पुसून टाका, हे महत्त्वाचं, नाहीतर ते एखादी साइट शोधत बसतं. मग इंग्रजीत ऑपेरा, कोलन, कॉन्फिग असं सलग लिहा, मधे जागा नको. एक सेटिंगचं पान उघडेल, त्यात तळाला ‘यूज बिटमॅप फॉन्ट्स फॉर कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ असं आहे, तिथे यस करा आणि सेव्ह दाबा. बस. आता कुठलंही मराठी पान उघडा, जोडाक्षरं, रफार, वेलांट्या सगळं जागच्या जागी. ह्याचं गुपित असं की ऑपेरा मिनीत पान तुमच्या फोनवर तयारच होत नाही, ते त्यांच्या सर्व्हरवर तयार होऊन दाबून बारीक करून इकडे येतं. ही सोय चालू केली की मराठी मजकुराची सर्व्हरवरच चित्रं बनतात आणि फोन नुसती चित्रं दाखवतो, फॉन्ट असो नसो. तोटे दोन, पान जरा जड होतं आणि चित्र असल्यामुळे मजकूर कॉपी करता येत नाही.

चकलीताई

अहो आत्ता माझ्या जुन्या फोनवरच करून बघितलं!! दिसतंय!!! म्हणजे एवढे दिवस मी ह्या कारणासाठी नवीन फोन घ्यायला निघाले होते ते कारणच संपलं की, नवऱ्याला सांगायला नको.

पण प्रतिसाद कसा द्यायचा? लिहायच्या खिडकीत इंग्रजी अक्षरंच येतायत.

तिरपागडा

तिथे गाडं अडतं. इथली मराठी टायपायची सोय जावास्क्रिप्टवर चालते आणि ऑपेरा मिनीत ती चालत नाही, म्हणजे फोनवरून फक्त वाचायचं, लिहायचं घरी येऊन. रोमनमधे लिहिलंत तर संपादक कान धरतात हे तुम्हाला माहीत आहेच.

बंडोपंत_कट्टेकर

टायपिंगचा विषय निघालाच आहे तर, ह्या फोनवर उभा धरून पूर्ण कीबोर्ड येतच नाही. उभ्यात एकतर जुना एबीसी-डीईएफ वाला नाहीतर काँप्युटरसारखा एक बारीक क्वर्टी, तो काडीनेच दाबायचा. पूर्ण कीबोर्डसाठी आडवा करा. बरं आडवा केला की तो सगळी स्क्रीन व्यापतो, वेबसाइटवर फॉर्म भरताना कुठल्या चौकोनात लिहितोय तेच दिसत नाही. हाताने अक्षर गिरवायची पण सोय आहे, एकेक इंग्रजी अक्षर काढायचं आणि फोनने ते ओळखायची वाट बघायची. प्रत्येकाने पहिल्या दिवशी मित्रांना दाखवायला वापरली असेल, दुसऱ्या दिवशी कुणी वापरली असेल तर हात वर करा.

आणि जावाची अ‍ॅप्स! जुनं कुठलंही जावा अ‍ॅप उघडा, खालच्या अर्ध्या स्क्रीनवर बाणांची चित्रं असलेला खोटा कीपॅड. ३.२ इंचाची स्क्रीन आणि त्यातली निम्मी अशी गेली.

स्क्रू_ढिला

तो कीपॅड बंद करता येतो हो. अ‍ॅप्लिकेशन मॅनेजरमधे जाऊन त्या अ‍ॅपच्या सेटिंगमधे ऑन-स्क्रीन कीपॅड ऑफ करा. ज्या अ‍ॅपला टच समजतो ते मग पूर्ण स्क्रीनवर चालतं, ऑपेरा मिनीच्या नव्या पाचव्या आवृत्तीला तर गरजच नाही, तिला टच आपोआप कळतो.

अजून एक, एसएमएस नि मेल मुळात फोनच्या आतल्या मेमरीत साठतात आणि ती आहे जेमतेम ८१ एमबी. मेसेजिंगच्या सेटिंगमधे जाऊन मेमरी इन यूज मधे कार्ड निवडा. अ‍ॅप टाकताना पण विचारतो कुठे टाकू, तेव्हा ई म्हणजे कार्ड. सी मधे, म्हणजे आतल्या मेमरीत, ढकलत राहिलात तर थोड्याच दिवसांत ‘मेमरी फुल, काही अ‍ॅप्लिकेशन बंद करा’. तो संदेश खरं तर रॅमचा पण असू शकतो. रॅम १२८ एमबी आणि त्यातली बरीच सिस्टीमच खाते. मेनूचं बटण दाबून धरा, काय काय उघडं आहे ते दिसतं, लाल बटण दाबलं की अ‍ॅप बंद होतं असं काही जण समजतात, पण काही अ‍ॅप्स नुसती मागे जाऊन चालूच राहतात.

रानभूल

गंमत बघा, आयफोन थ्रीजीत पण रॅम १२८च आहे. आणि प्रोसेसर पण त्याच एआरएम ११ घराण्यातला, ४१२ मेगाहर्ट्झला चालवलेला, ५८०० चा पण त्याच्याच आसपासचा. म्हणजे लोखंड (हार्डवेअर) जवळपास सारखंच. मग एक सुळकन चालतो आणि दुसरा रेंगाळतो ते कशामुळे?

बंडोपंत_कट्टेकर

सारखं नाही. आयफोनमधे ग्राफिक्ससाठी वेगळी चिप आहे, ५८०० मधे तेही काम बिचाऱ्या प्रोसेसरनेच करायचं. पण एकूण म्हणणं मान्य, मुख्य दोष सॉफ्टवेअरचाच.

तिरपागडा

अर्धाच दोष. आयफोन सुळकन चालतो कारण तो एका वेळी एकच बाहेरचं अ‍ॅप चालवतो, दुसरं उघडलं की पहिलं मेलं. माझ्या फोनवर गाणी चालू, मागे चॅट चालू, नकाशा चालू, आणि मधेच फोन आला तर तो घेऊन परत सगळं जिथल्या तिथे. ब्लूटूथने कुणालाही गाणं, फोटो, काय वाट्टेल ते पाठवतो. आयफोनवाल्याकडे कुणी ब्लूटूथवर फोटो मागितला की तो कसा चेहरा करतो ते बघितलंय? ३१ हजार मोजले आहेत त्याने, ऑगस्ट २००८ मधे आला तेव्हा ८ जीबीचा तोच भाव होता. आणि थ्रीजीचा फोन घेऊन वापरायचं काय, तर टूजी, कारण खाजगी कंपन्यांच्या थ्रीजीचा लिलाव अजून व्हायचाय. मुंबई-दिल्लीत एमटीएनएल आणि बाकी काही शहरांत बीएसएनएल सोडलं तर थ्रीजी आहे कुठे? ५८०० ला पुढे दुसरा कॅमेरा आहे व्हिडिओ कॉलसाठी, मी त्याच्यात फक्त दाढी नीट झाली का ते बघतो.

घाटवाट

इतका वेळ नुसता वाचत होतो, पण नकाशाबद्दल कुणी लिहीतच नाहीये म्हणून लॉगिन झालो. जानेवारीत नोकियाने ओवी मॅप्सचं बोलून रस्ता दाखवणं फुकट केलं, त्या यादीत ५८०० आहे. आधी ह्याला पैसे पडायचे. आणि गूगल मॅप्सपेक्षा ह्याची खरी मजा म्हणजे अख्ख्या भारताचा नकाशा घरी काँप्युटरवरून एकदाच कार्डावर उतरवून घेता येतो, मग रस्त्यात नेट लागत नाही. मागच्या आठवड्यात वरंधा घाटातून खाली उतरलो, मोबाइलला एक काडी रेंज नाही आणि नकाशावर आमचा बाण मात्र वळणं घेत चाललाय. आमच्या ग्रुपमधला आयफोनवाला तोपर्यंत कोरी चौकट बघत बसला होता.

पथ्यं दोन. जीपीएस पहिल्यांदा पकडायला उघड्यावर काही मिनिटं लागतात, नेट चालू असेल तर लवकर पकडतं, म्हणून निघतानाच गावात रेंज आहे तोवर चालू करा. दुसरं म्हणजे बॅटरी. १३२० एमएएचची बॅटरी आहे, एरवी दीड-दोन दिवस निघतात, पण जीपीएस आणि स्क्रीन सतत चालू ठेवली की दुपारपर्यंत गाडीचा चार्जर लावावाच लागतो. आणि हो, यूएसबीच्या वायरने हा चार्ज होत नाही, ते भोक फक्त डेटाला, चार्जिंगला नोकियाची तीच बारीक पिन. मायक्रो यूएसबीची जागा बघून लोक फसतात.

गल्लीबोळांची अपेक्षा ठेवू नका. तालुक्याच्या गावापर्यंत चोख नेतो, पुढे चहाच्या टपरीवर विचारायचं.

चकलीताई

आज दुकानात जाऊन आले. तो दुकानदार ५८०० काढायलाच तयार नाही, म्हणतो ताई ५२३० घ्या, तोच फोन आहे, चार-पाच हजार वाचतील. तोच आहे का खरंच? हातात घेऊन तर दोन्ही सारखेच वाटले, आणि रंग त्याचे जास्त चांगले आहेत.

स्क्रू_ढिला

सिस्टीम तीच, स्क्रीन तीच, जीपीएस आणि नकाशे पण आहेत. नाहीये ते वायफाय. कॅमेरा २ मेगापिक्सेलचा आणि फ्लॅश नाही. घरी ब्रॉडबँड आणि वायफायचा राउटर असेल तर ५८००, नसेल तर ५२३० ने काही अडत नाही. मधे एक ५५३० पण आहे त्याच्या नादी लागू नका, त्यात वायफाय आहे पण जीपीएस नाही नि थ्रीजी पण नाही, स्क्रीनही बारकी.

शून्यमनस्क

५२३० ला वायफाय नाही म्हणजे स्मार्टफोन कशाला म्हणायचं मग. थांबा म्हणतोय मी, कुणी ऐकत नाही.

चकलीताई

शून्यमनस्क, माझा आत्ताचा फोन वाजल्यावर उचलायचा का नाही हे तो स्वतः ठरवतो, त्यामुळे थांबणं शक्य नाही. घेतला! ५८००, निळ्या कडांचा. वायफायसाठीच घेतला, मुलाने राउटर आणलाय. गाण्यांचा आवाज ऐकून सासूबाई पण खूश, त्यांची अभंगांची सीडी चढवून दिली.

दोन प्रश्न. एक, सिम घातलं तर आता निघतच नाहीये, कडेच्या फटीत गेलंय. दोन, इथून तिथून काही अ‍ॅप्स उतरवली तर ‘सर्टिफिकेट एरर’ म्हणतो आणि टाकूच देत नाही. आणि ते एक टॅप दोन टॅप प्रकरण आता कळलं, तुम्ही लिहिलं होतंत ते वाचलं नसतं तर फोन परत करायला गेले असते.

तिरपागडा

अभिनंदन, पेढे कुठायत?

सिम : फोन बंद करा, मागचं झाकण आणि बॅटरी काढा, बॅटरीच्या जागेत कडेला एक बारीक खाच दिसेल, तिथून स्टायलसच्या टोकाने सिम बाहेर ढकलायचं, कडेच्या दारातून निघतं. विचित्र आहे खरं, कुणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे. नखाने ओढत बसू नका.

सर्टिफिकेट : सिंबियनमधे प्रत्येक अ‍ॅपवर सही लागते आणि त्या सहीला मुदत असते. आधी अ‍ॅप्लिकेशन मॅनेजरच्या सेटिंगमधे सॉफ्टवेअर इन्स्टॉलेशन ‘ऑल’ करा आणि ऑनलाइन सर्टिफिकेट चेक ‘ऑफ’ करा. तरीही ‘एक्स्पायर्ड’ म्हणाला तर फोनची तारीख वर्षभर मागे नेऊन टाकून बघा, झालं की तारीख परत पुढे आणा. तरीही नाही झालं तर त्या अ‍ॅपवर सहीच नाहीये, ते सोडून द्या किंवा नोकियाच्या ओवी स्टोअर ह्या अ‍ॅपच्या दुकानात सही असलेलं मिळतंय का बघा.

स्क्रू_ढिला

तारीख मागे नेण्याआधी कॅलेंडरमधले गजर बंद करा, नाहीतर तारीख परत पुढे आणल्यावर सगळे एकदम केकाटतील.

चकलीताई

केकाटले.